नव्याण्णव दिवसांच्या राजाचं सोन्याचं नाणं दुर्मीळ आहे का?

प्रशियाचा राजा आणि जर्मन सम्राट तिसरा फ्रीडरिख ९ मार्च १८८८ला गादीवर आला आणि १५ जूनला घशाच्या कर्करोगाने गेला. राज्य जेमतेम ९९ दिवसांचं, म्हणून त्याचं २० मार्कचं सोन्याचं नाणं अतिदुर्मीळ, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. बर्लिनच्या टाकसाळीने ही ५० लाखांहून जास्त नाणी पाडली. शिवाय लाडक्या राजाची आठवण म्हणून लोकांनी ती जपून ठेवली, त्यामुळे आजही चांगल्या अवस्थेत सहज मिळतात.

नाणं देखणं आहे, यात वाद नाही. दाढीवाला चेहरा, मानेखाली बर्लिन टाकसाळीची खूण म्हणून 'ए' अक्षर, नाण्याच्या कडेवर 'गॉट मिट उन्स' (देव आमच्यासोबत). वजन ७.९६५ ग्रॅम, सोनं ९० टक्के. पण 'दुर्मीळ' म्हणून कोणी सोन्याच्या भावाच्या दुप्पट मागत असेल, तर सरळ नाही म्हणा.

खरी दुर्मिळता पाहायची तर जर्मन साम्राज्यातल्या बव्हेरिया राज्याचा राजा तिसरा लुडविग याचं १९१४चं २० मार्कचं सोन्याचं नाणं पाहा. पहिलं महायुद्ध पेटलं आणि सोनं चलनातून गेलं. ही नाणी लोकांच्या हाती फारशी पोहोचलीच नाहीत.