बेलहार विश्वासांगीकार

दक्षिण आफ्रिकेतील वांशिक विभक्ततेला ख्रिस्ती श्रद्धेच्या आधारे नकार देणारे आणि ख्रिस्ती मंडळीला समेटासाठी आवाहन करणारे, सुधारित (रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनपंथी प्रॉटेस्टंट) परंपरेतील श्रद्धापत्र. सरकारने ‘कलर्ड’ (मिश्र वंशाचे) म्हणून वर्गीकृत केलेल्या लोकांच्या डच रिफॉर्म्ड मिशन चर्चचे सिनड (चर्चची निर्णय घेणारी प्रतिनिधिसभा) १९८२ मध्ये केप टाउनच्या बेलहार या उपनगरात भरले. तेथे याचा मसुदा संमत झाला, त्यावरून हे नाव पडले. संदर्भग्रंथांत १९८२ आणि १९८६ अशी दोन्ही वर्षे आढळतात. मसुद्यावर विचार करण्यास स्थानिक मंडळ्यांना चार वर्षे देण्यात आली व सप्टेंबर १९८६ च्या सिनडने तो अधिकृत केला. त्यामुळे रचनेसाठी १९८२ आणि स्वीकारासाठी १९८६ हेच धरणे युक्त.

पार्श्वभूमी : प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकरी व द्राक्षारस घेण्याचा विधी) वर्णाचा भेद न करता सर्वांना एकत्रच द्यावे, असा निर्णय केपच्या डच रिफॉर्म्ड सिनडने १८२९ मध्ये दिला होता. १८५७ च्या सिनडने त्यातून पळवाट काढली. परधर्मांतून आलेल्यांना चालू मंडळ्यांतच सामावून घेणे इष्ट आणि शास्त्रसंमत आहे, हे ठरावाने आधी मान्य केले. मात्र ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ सुवार्ताकार्यात अडथळा येत असेल तेथे त्यांची उपासना वेगळ्या इमारतीत व्हावी, अशी मुभा दिली. ही दुर्बलता गोऱ्या सभासदांची होती, आणि तिची किंमत मात्र इतरांनी मोजली. १८८१ मध्ये मिशन चर्च हे स्वतंत्र चर्च म्हणून स्थापन झाले.

अपार्टहाइटचे (सरकारी वांशिक विभक्ततेच्या धोरणाचे) मूळ १८५७ च्या ठरावातच शोधावे का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते विभक्ततेचे धर्मशास्त्र तेथेच जन्मले. दुसरा पक्ष असा, की ती व्यवहारातली सवलत होती. तिला बायबलचा आधार जोडण्याचा पद्धतशीर प्रयत्न विसाव्या शतकात, विशेषतः १९३० नंतर झाला आणि त्यासाठी जर्मन मिशनशास्त्र व नेदरलँड्समधील धर्मशास्त्रज्ञ अब्राहम कायपर यांचे विचार वापरले गेले. ठरावाची भाषा पाहता दुसरे मत अधिक पटते : त्यात विभक्तता शास्त्रसंमत असल्याचे म्हटलेले नाही. अपवादाचा नियम झाला आणि नियमाला पुढे सिद्धांत मिळाला.

रचना : ऑगस्ट १९८२ मध्ये ओटावा येथे वर्ल्ड अलायन्स ऑफ रिफॉर्म्ड चर्चेस या जागतिक संघाने अपार्टहाइटचे धार्मिक समर्थन पाखंड ठरवले व मिशन चर्चचे पाळक आलन बुसाक यांना अध्यक्ष निवडले. काही आठवड्यांतच मिशन चर्चच्या सिनडनेही हा प्रश्न श्रद्धेच्या अस्तित्वाचा असल्याचे जाहीर केले. असे जाहीर केल्यावर श्रद्धा शब्दांत मांडणे ओघानेच येते, हा मुद्दा धर्मशास्त्रज्ञ गुस्ताव बाम यांनी पुढे आणला. मसुदा समितीत बुसाक, बाम, याप डुरँड, डर्की स्मिट आणि इझाक मेंटॉर होते. मुख्य लेखणी स्मिट यांची, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तथापि समेटाविषयीचा मध्यवर्ती विचार सिनडने १९७८ मध्येच मांडला असल्याने श्रद्धापत्र एका व्यक्तीच्या नावावर टाकणे बरोबर नाही.

आशय : पाच कलमे अनुक्रमे त्र्येक देव (पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा एकच देव), मंडळीची एकता, समेट, न्याय आणि आज्ञापालन यांवर आहेत. मधली तीन कलमे आधी विश्वास सांगतात आणि मग ‘म्हणून आम्ही नाकारतो’ असे म्हणतात. ही घडण नाझी राजवटीच्या चर्चमधील हस्तक्षेपाला विरोध करणाऱ्या, जर्मनीतील १९३४ च्या बार्मेन घोषणेशी जुळते. दुसऱ्या कलमातील नकार सर्वांत काटेकोर आहे. ‘आपण आत्म्याने एकच आहोत’ असे म्हणत एकाच श्रद्धेच्या लोकांना दूर ठेवण्याची पळवाट ते बंद करते, दृश्य एकतेसाठी न झटणे हे पाप ठरवते आणि सभासदत्व देताना वंश पाहणाऱ्या शिकवणीला नकार देते. तिसरे कलम वंश व वर्णावरून सक्तीने केलेल्या विभक्ततेला देवाच्या इच्छेचा आधार देणारी शिकवण फेटाळते. ‘अपार्टहाइट’ हा शब्द मात्र पाचही कलमांत कोठेच नाही. त्यामुळेच श्रद्धापत्र त्या राजवटीनंतरही उपयोगी राहिले. श्रद्धापत्रासोबत जोडलेल्या निवेदनपत्रात स्पष्ट केले आहे, की रोख माणसांवर नसून खोट्या शिकवणीवर आहे.

वाद झाला तो प्रामुख्याने चौथ्या कलमावर. देव विशेषत्वाने निराधारांचा, गरिबांचा आणि अन्याय झालेल्यांचा आहे, या विधानात टीकाकारांना मुक्तिवादी (गरीब व दडपलेल्यांची मुक्ती केंद्रस्थानी मानणाऱ्या) धर्मशास्त्राचा पक्षपात दिसला. समर्थक बायबलमधील स्तोत्र १४६ कडे बोट दाखवतात, आणि ते योग्यच आहे : कलमाची शब्दकळाच त्या स्तोत्राच्या वळणाची आहे.

स्वीकार : १४ एप्रिल १९९४ रोजी मिशन चर्च आणि कृष्णवर्णीयांचे आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्च एकत्र येऊन युनायटिंग रिफॉर्म्ड चर्च स्थापन झाले, बेलहार त्याच्या चार श्रद्धापत्रांपैकी एक आहे. मूळच्या गोऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चमध्ये अडचण नियमावलीची झाली. श्रद्धेचा पाया बदलायचा तर प्रत्येक विभागीय सिनडमध्ये स्वतंत्रपणे दोन-तृतीयांश बहुमत लागते. एकूण बेरीज चालत नाही, एक विभाग मागे राहिला तरी ठराव पडतो. २०१५ पर्यंत चाललेला प्रयत्न असाच फसला. अमेरिकेत रिफॉर्म्ड चर्चने २०१० मध्ये पूर्ण स्वीकार केला. प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये पहिला प्रयत्न थोडक्यात हुकला, दुसरा २०१६ मध्ये पूर्ण झाला. क्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चने २०१७ मध्ये त्याला श्रद्धापत्राऐवजी समकालीन साक्ष असा खालचा दर्जा दिला. या वर्गातील मजकूर त्या चर्चच्या पाळकांवर श्रद्धापत्रासारखा बंधनकारक नसतो.