काळी संडास: एका जुन्या खुणेची पार्श्वभूमी

"दोन दिवसांपासून संडास काळी होऊन राहिली," असं विदर्भातल्या एखाद्या आरोग्य केंद्रात कुणी सांगितलं, की पुढचा प्रश्न रंगाचा नसतो. डांबरासारखी चिकट आहे का? वास उग्र येतो का? रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, पण ती अशी चिकट नसते.

पोटाच्या वरच्या भागात रक्तस्राव झाल्याची ही खूण जुनी आहे. डॉक्टर वापरतात तो 'मेलेना' हा शब्द ग्रीक, अर्थ 'काळा'. चरकसंहितेत रक्तपित्त, म्हणजे शरीरातून रक्त वाहण्याचा आजार, वरून वाहिलं तर साध्य, खालून वाहिलं तर याप्य (पुरता बरा न होणारा, पण औषधाने आटोक्यात राहणारा) आणि दोन्हीकडून वाहिलं तर असाध्य. आजच्या डॉक्टरला वरचा रक्तस्राव 'साध्य' म्हणणं खटकेल. पण चरकांच्या 'वर'मध्ये उन्हाळ्यात फुटणारा घोळणाही येतो.

डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधायची ग्वायकम राळेची चाचणी १८६४ची, व्हान डीन यांची. रक्त येतं कुठून, हे मात्र बराच काळ अंदाजावरच होतं. १९५७ मध्ये हिर्शोविट्झ यांनी वाकणारी दुर्बीण जठरात उतरवली, तेव्हा वाट मोकळी झाली. रक्त येण्याचं एक कारण अल्सर, म्हणजे जठरातली जखम; तिचा ठपका तरीही काळजीवर आणि तिखटावरच; सावजी रश्श्याच्या मुलखात तो सहज पटतोही. १९८२ मध्ये मार्शल आणि वॉरन यांनी अल्सरमागचा जठरातला जिवाणू शोधला. दुसरा गुन्हेगार आपल्या खिशातच असतो: कापूस वेचून कंबर धरली की उपाशीपोटी घेतलेली दुखण्याची गोळी. तिसरी दारू. यकृत कडक होतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटल्या की लाल रक्ताची उलटी होते.

जठरात थांबलेलं रक्त आम्लाने काळपट होतं. ते उलटीतून पडलं, तर पुस्तकं 'कॉफीच्या चोथ्यासारखं' म्हणतात. ज्याच्या घरी कॉफी कधी आली नाही त्याला हे विचारून काय उपयोग? 'गाळणीतल्या चहापत्तीसारखं?' म्हटलं, की लगेच मान हलते.

असा रक्तस्राव किती धोक्याचा हे ठरवायला २००० साली ग्लासगोहून आलेल्या गुणपद्धतीत काळ्या संडासला १ गुण आहे, भोवळ येऊन पडण्याला २. नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, युरिया हेही त्यात मोजतात. हिमोग्लोबिन पहिल्या काही तासांत फसवतं. उरलेलं रक्त अजून पातळ झालेलं नसतं. नाडी आधी धावू लागते, रक्तदाब मागाहून पडतो.

आणि पहाटेच्या अंधारात वावराकडे जाणाऱ्याने रंग पाहिलेलाच नसतो. त्याला विचारायचं ते इतकंच: "बसून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली काय, भाऊ?"