निळा टिकतो, लाल उडतो

जुन्या इंग्लिश आयर्नस्टोनची, म्हणजे त्या नावाच्या दणकट पांढऱ्या मातीच्या भांड्यांतली बशी हाती आली तर मागचा शिक्का नंतर बघा. आधी ती उजेडात तिरकी धरा. निळ्या नक्षीवरून चकाकी सरळ घसरत जाते, लाल फुलापाशी मात्र अडखळते. बोट फिरवलं तर तिथे रंगाची बारीक कडही लागते.

याचं कारण भट्टीत आहे. निळा रंग कोबाल्टचा. तो एकदा भाजलेल्या बशीवर लावून वर झिलई चढवायची. हजार अंश सेल्सियसच्या वरच्या आचेत झिलईची काच होते, कोबाल्ट त्या काचेत विरघळतो आणि तरीही निळाच राहतो. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गेरूत असतो तोच. त्याला ही आच मानवत नाही. कण काचेत विरघळले की लाली जाते आणि पिवळट-तपकिरी छटा उरते. म्हणून लाल रंग लवकर वितळणाऱ्या काचेच्या भुकटीत कालवून तयार झिलईवर लावत आणि ७००-८०० अंशांना पुन्हा भाजत. सोन्याची रेघ सगळ्यात शेवटी. घासण्याधुण्यात आधी झिजते तीही हीच, मग लाल. निळ्यावर झिलईचं कवच असतं.

ही भांडी गाजवली इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या चार्ल्स जेम्स मेसनने, १८१३ च्या पेटंटवर. ईस्ट इंडिया कंपनीने चीनहून येणाऱ्या भांड्यांची घाऊक आयात १७९१ मध्ये थांबवली होती, पण तशा नक्षीची हौस काही सरली नव्हती. पेटंटात लोहखनिजाच्या मळीचा उल्लेख आहे. मला तो निव्वळ जाहिरातीचा डाव वाटतो, कारण लोह जास्त असतं तर बशी पांढरी निघाली नसती.

‘हाताने रंगवलेली’ हेही जरा जपूनच घ्यावं. बहुतेकदा नक्षीची रेघ छापील असे आणि रंग तेवढे हाताने भरत, बरेचदा बायका आणि मुलं. भिंग लावलं की रेघेबाहेर गेलेला लाल दिसतो. मला तरी बशीतली सगळ्यात देखणी जागा तीच वाटते.

झिलईवरच्या केसाएवढ्या चिरा वयाच्या असतात. खालची माती वर्षानुवर्षं दमट हवा शोषून किंचित फुगते, वरची काच ताणली जाऊन तडकते. त्यातून तूप-तेल मुरलं की तपकिरी डाग पडतात. ते घालवायला ब्लीच वापरू नका, आत उरलेल्या क्षारांचे स्फटिक होऊन झिलईचे टवके उडतात. आणि जेवायला काढायचीच असेल तर लिंबू, चिंच, टोमॅटो तिच्यात वाढू नका. त्या काळच्या झिलईत आणि वरच्या रंगांत शिसं असे, आणि आंबटाने ते सुटतं.