बोंबों

बोंबों : साखरेच्या पाकापासून केलेल्या आणि तोंडात ठेवून चघळायच्या गोळीसाठी जर्मन भाषेत रूढ असलेला शब्द. तो मूळचा फ्रेंच असून ‘बों’ म्हणजे ‘चांगले’ या विशेषणाच्या द्विरुक्तीतून बनला आहे. तान्ह्या मुलाशी बोलताना मराठी माणूस जेवणाला ‘मंमं’ म्हणतो, त्याच जातीची ही बालबोली होय. 18व्या शतकात जर्मन दरबारांत व उच्चभ्रू घरांत फ्रेंच भाषेचे मोठे प्रस्थ होते आणि त्याच काळात हा शब्द जर्मनमध्ये आला.

साखर तेव्हा दूरच्या ऊसमळ्यांतून येत असल्याने महाग होती. बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ आंद्रेआस मार्कग्राफ यांनी 1747 मध्ये बीटातही उसासारखीच साखर असल्याचे दाखवून दिले आणि त्यांचे शिष्य फ्रांत्स आखार्ड यांनी 19व्या शतकाच्या अगदी आरंभी सायलीशिया या तेव्हाच्या प्रशियाच्या प्रांतात बीटसाखरेचा कारखाना सुरू केला. पुढे साखर स्वस्त होत गेली, तशी श्रीमंतांची गोळी सामान्य घरांतल्या मुलांच्या हाती आली.

‘बोंबों’ असा रूढ झाला, तरीही गोळीसाठीचे प्रादेशिक शब्द मागे हटले नाहीत. पश्चिम जर्मनीतील ऱ्हाइनलँडमध्ये ‘क्ल्युम्पशेन’, म्हणजे लहानसे ढेकूळ, असे म्हणतात. कोलोनच्या कार्निव्हलमध्ये मिरवणुकीतल्या रथांवरून गोळ्या उधळल्या जातात, तेव्हा रस्त्यावरची गर्दी ‘कामेले!’ असा पुकारा करते आणि काहीजण छत्र्या उलट्या धरून त्या झेलतात; हा शब्द ‘कारामेले’ म्हणजे कॅरॅमलची गोळी याचे बोलीतले रूप आहे. ऑस्ट्रिया व बव्हेरियातील ‘त्सुकर्ल’ हे ‘त्सुकर’ म्हणजे साखर या शब्दाचे लघुत्वदर्शक रूप होय. ‘त्सुकर’ इटालियन व अरबीमार्गे संस्कृत ‘शर्करा’पर्यंत जातो, त्यामुळे मराठी ‘साखर’ त्याची सख्खी नातलग ठरते.

या सर्वांत विशेष लक्षणीय आहे तो नैर्ऋत्य जर्मनीतील श्वाबेन भागातला ‘गूट्सले’. जर्मन ‘गूट’ म्हणजेही ‘चांगले’. फ्रेंच बालबोलीने जी कल्पना विशेषण दोनदा उच्चारून व्यक्त केली, तीच या बोलीने स्वतःच्या विशेषणाला लघुत्वाचा प्रत्यय लावून साधली.

प्रमाण जर्मनमध्ये ‘बोंबों’ पुल्लिंगी व नपुंसकलिंगी असा दोन्ही प्रकारे चालतो. त्यातला फ्रेंच अनुनासिक पुष्कळांच्या बोलण्यात ‘बोंगबोंग’ असा ऐकू येतो, तर उत्तरेकडे हॅम्बुर्ग परिसरात ‘बोन्शे’ हे घरगुती रूप रूढ आहे.