पाठ्यपुस्तकं वाटली की मुलं शिकतात?

गरीब देशांतल्या प्राथमिक शाळांना मदत म्हणजे पुस्तकं पाठवणं, हा समज जुना आहे. खरा मात्र अर्धाच. १९९०च्या दशकात मायकेल क्रेमर (पुढे २०१९चे अर्थशास्त्राचे नोबेल मानकरी) आणि सहकाऱ्यांनी पश्चिम केनियातल्या काही शाळांना पाठ्यपुस्तकं देऊन निकाल तपासले. सरासरी गुण वाढलेच नाहीत. फायदा झाला तो आधीपासून पुढे असलेल्यांना. कारण उघड होतं: पुस्तकं इंग्रजीत, आणि इंग्रजी बऱ्याच मुलांची तिसरी भाषा! वाचताच येत नसेल तर फुकट मिळालेलं पुस्तक काय कामाचं? याउलट भारतात ‘प्रथम’ संस्थेने इयत्ता बाजूला ठेवली, मुलाला जेवढं येतं तिथूनच शिकवायला घेतलं, आणि वाचन सुधारल्याचं चाचण्यांत दिसलं.