पहिला कॅमेरा ड्रोन घेताय? आधी पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रं समजून घ्या

कॅमेरा ड्रोन घ्यायचं ठरलं की आधी त्याचं वजन बघा. फोर-के, सेन्सर, रेंज हे सगळं नंतर. प्रशिक्षण घ्यावं लागेल का, विमा काढावा लागेल का, त्या मॉडेलला सरकारी प्रमाणपत्र हवं का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बरीचशी वजनावरच ठरतात. ती पैसे भरून झाल्यावर कळली, तर महागडं यंत्र कपाटात पडून राहतं.

भारतात यासाठी ‘ड्रोन नियम २०२१’ लागू आहेत. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने ते २५ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केले, २०२२ आणि २०२३ मध्ये त्यांत दुरुस्त्या झाल्या, आणि अंमलबजावणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए करतं. तारखा मुद्दाम सांगतोय. २०१८ च्या जुन्या नियमावलीत नॅनो, म्हणजे २५० ग्रॅमपर्यंतचा, ड्रोन ५० फुटांच्या आत उडवला तर नोंदणी लागत नव्हती. ती नियमावली केव्हाच गेली, पण तिच्यावर बेतलेले व्हिडिओ अजून फिरतात आणि दुकानदारही तेच ऐकवतात. माहिती कुठूनही घ्या, ती ऑगस्ट २०२१ नंतरच्या नियमांवर आहे ना, एवढं तपासा.

वजनाची रेघ

२५० ग्रॅमपर्यंत नॅनो. त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. २ ते २५ किलो स्मॉल, २५ ते १५० मीडियम आणि त्यावर लार्ज. पहिला कॅमेरा ड्रोन घेणाऱ्याचा संबंध पहिल्या दोघांशीच येतो.

हे वजन ड्रोनवर लादलेल्या सगळ्या गोष्टींसह धरायचं. खोक्यावर २४९ ग्रॅम छापलेलं असतं ते साध्या बॅटरीचं. जास्त वेळ उडणारी मोठी बॅटरी घातली की तोच ड्रोन २५० ची रेघ ओलांडून मायक्रोत जातो. पात्यांचे गार्ड, लेन्सवरचा फिल्टर, रात्री दिसावा म्हणून चिकटवलेला लुकलुकता दिवा, यांतलं काहीही तो एक ग्रॅम ओलांडायला पुरतं. उडवण्याच्या तयारीतला ड्रोन एकदा किचनच्या डिजिटल काट्यावर ठेवून बघा. नॅनो घेणाऱ्याने मोठी बॅटरी विकतच घेऊ नये, साध्या तीन घ्याव्यात, असं माझं मत आहे.

हौस की काम

ड्रोन चालवण्याचं प्रमाणपत्र, म्हणजे रिमोट पायलट सर्टिफिकेट, दोन ठिकाणी लागत नाही. नॅनो ड्रोनला ते कशासाठीही लागत नाही, पैसे घेऊन केलेल्या कामालाही नाही. मायक्रो ड्रोनला मात्र वापर व्यावसायिक नसेल तरच सूट आहे. स्मॉल आणि त्यापुढच्या वर्गांना ते लागतंच.

मॉडेलला लागणाऱ्या सरकारी प्रमाणपत्राचं, म्हणजे टाइप सर्टिफिकेटचं, गणितही जवळपास असंच आहे. नॅनोला ते नको. शिक्षण, संशोधन, डिझाइनची चाचणी किंवा निव्वळ करमणूक यांसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या २५ किलोपर्यंतच्या यंत्राला नियम ‘मॉडेल’ प्रकारात धरतात. त्यालाही टाइप सर्टिफिकेट नको.

आता गंमत बघा. ९०० ग्रॅमचा ड्रोन सुट्टीत हौस म्हणून उडवलात तर तुम्हाला प्रमाणपत्र नको आणि ड्रोनलाही नको. त्याच ड्रोनवर मित्राच्या बहिणीचं लग्न मोबदला घेऊन शूट केलंत की दोन्ही सवलती एकदम गेल्या. तुमच्याकडे पायलट सर्टिफिकेट हवं आणि मॉडेल टाइप-सर्टिफाइड हवं. ‘आधी हौस म्हणून घेतो, पुढे ऑर्डर मिळाल्या तर बघू’ असं म्हणणारे नेमके इथे अडकतात, कारण स्वतःचं सर्टिफिकेट पुढे काढता येतं, पण टाइप सर्टिफिकेट ग्राहकाला आपल्या ड्रोनसाठी मागाहून आणता येत नाही. ते उत्पादकाने मॉडेलसाठी घ्यायचं असतं.

म्हणून काम आणि हौस दोन्हींसाठी एकच पहिला ड्रोन हवा असेल, तर माझा कौल नॅनोला. होमस्टेची जाहिरात, प्लॉटचा व्हिडिओ, छोटं लग्न, सोशल मीडियाची रील यांना त्याचा कॅमेरा पुरतो. तीन अक्षांचा गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी मोटरवरची बैठक), जीपीएस आणि सिग्नल तुटल्यावर आपोआप परत येण्याची सोय, या तीन गोष्टी असल्याशिवाय घेऊ नका. इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरणाच्या भरवशावरचे स्वस्त ड्रोन कामाच्या फुटेजला उपयोगाचे नाहीत. नॅनोची उणीव वाऱ्यात दिसते. घाटाच्या कड्यावर किंवा समुद्रकिनारी तो झगडतो आणि परतीच्या वाटेवर उलटा वारा लागला की बॅटरी भराभर संपते. लहान सेन्सरमुळे संध्याकाळनंतर चित्र दाणेदार येतं. नकाशे, सर्व्हे, बांधकामाची मोजणी असं काम नियमित येणार असेल तर नॅनोच्या नादी न लागता सरळ टाइप-सर्टिफाइड मायक्रो किंवा स्मॉल घ्या आणि प्रशिक्षणाचा खर्च त्याच हिशोबात धरा.

बिल, आणि परदेशी ड्रोनचा प्रश्न

९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीला बंदी आहे. तयार ड्रोन, अर्धवट जोडलेला किंवा सुटे भाग करून आणलेला पूर्ण संच, सगळंच त्यात येतं. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठी परवानगीने सूट आहे आणि सुटे घटक आणायला मोकळीक आहे. नातेवाइकाने परदेशातून बॅगेत घालून आणलेला ड्रोन ही आयातच असते, आणि तो विमानतळावर कस्टम्सकडे राहू शकतो. बाजारात प्रसिद्ध परदेशी मॉडेलं बिनबिलाची मिळतात. त्यांचा कॅमेरा उत्तम असतो, कागद मात्र एकही नसतो. कामासाठी घेणाऱ्याने तिकडे वळूच नये. ग्राहकाने किंवा पोलिसांनी कागद मागितले तर दाखवणार काय?

बिलावर जीएसटी हवाच, आणि ड्रोनचा सिरीयल नंबर छापून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ड्रोनवर सरसकट ५ टक्के जीएसटी आहे. त्याआधी कॅमेरा जोडलेल्या ड्रोनला १८ आणि वैयक्तिक वापराच्या ड्रोनला २८ टक्के लागायचा. अजून जुन्या दराने कोटेशन देणारा भेटला तर त्याला हे सांगा.

ड्रोनची नोंदणी

प्रत्येक ड्रोनला एक विशिष्ट ओळख क्रमांक घ्यायचा असतो. त्याला सगळे यूआयएन म्हणतात. गाडीला नंबर तसा ड्रोनला यूआयएन. नॅनोला पायलट सर्टिफिकेट आणि टाइप सर्टिफिकेट यांतून सूट आहे, यूआयएनमधून नाही. ‘२५० ग्रॅमच्या आत काहीच लागत नाही’ हे वाक्य म्हणूनच अर्धंच खरं आहे.

अर्ज फॉर्म डी-२ मध्ये, फी १०० रुपये. पूर्वी हे काम डिजिटल स्काय पोर्टलवर व्हायचं, आता डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर होतं. आधी स्वतःच्या किंवा फर्मच्या नावाने खातं उघडायचं. स्टुडिओच्या नावाने बिल असेल तर नोंदणीही स्टुडिओच्याच नावाने करा, नाहीतर मालकीचा घोळ होतो. अर्जाला ओळख आणि पत्त्याचे तपशील, ड्रोनचा सिरीयल नंबर, उड्डाण सांभाळणाऱ्या आतल्या फ्लाइट कंट्रोल मॉड्यूलचा नंबर, रिमोटचा (अर्जात त्याला रिमोट पायलट स्टेशन म्हणतात) नंबर आणि लागू असेल तिथे टाइप सर्टिफिकेटचा क्रमांक लागतो. फ्लाइट कंट्रोल मॉड्यूलचा नंबर खोक्यावर नसतो, तो बहुधा ॲपमध्ये किंवा विक्रेत्याच्या कागदावर सापडतो. तो हातात पडेपर्यंत पैसे पूर्ण देऊ नका.

हे तिन्ही नंबर एकमेकांशी बांधलेले असतात. ड्रोन आपटला, आतलं मॉड्यूल बदललं किंवा रिमोट नवा घेतला, तर नवीन नंबर सात दिवसांच्या आत पोर्टलवर नोंदवावा लागतो. दुरुस्तीवाल्याकडून बदललेल्या भागाचा नंबर बिलावर लिहून घ्यायची सवय त्यासाठी चांगली.

पायलट सर्टिफिकेट लागत असेल तर

वय १८ ते ६५ च्या दरम्यान, शिक्षण किमान दहावी पास, आणि डीजीसीएने मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्थेतून त्या वर्गाचं प्रशिक्षण व परीक्षा. पात्रता एवढीच. अशा संस्थेला आरपीटीओ म्हणतात आणि मान्यताप्राप्त संस्थांची यादी सरकारी पोर्टलवर असते. ‘ड्रोन कोर्स’ची पाटी लावलेली प्रत्येक अकादमी त्या यादीत नसते, तिथलं सुंदर छापलेलं सर्टिफिकेट भिंतीवर लावायच्याच कामाचं.

कागदपत्रांत दहावीचं प्रमाणपत्र किंवा गुणपत्रिका, फोटो, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा. पूर्वी पासपोर्टची अट होती आणि गावाकडच्या अनेक मुलांचं घोडं तिथेच अडायचं. २७ सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीने ती गेली. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका किंवा वाहन चालवण्याचा परवाना चालतो. प्रशिक्षण संस्था याशिवाय डॉक्टरचा फिटनेस दाखला मागू शकते, तो तयार ठेवलेला बरा.

इथे उमेदवार स्वतः सर्टिफिकेटसाठी अर्ज करत नाही. परीक्षा पास झाल्यावर संस्थेनेच फॉर्म डी-४ आणि १०० रुपये फी भरायची, आणि मग सर्टिफिकेट मिळतं. पास होऊन महिना उलटला तरी हाती काही नसेल तर आधी संस्थेकडे डी-४ भरल्याची पावती मागा. सरकारी फी १०० रुपये असली तरी खरा खर्च प्रशिक्षणाच्या फीचा असतो, आणि ती संस्थेगणिक बरीच बदलते. प्रवेश घेताना एक प्रश्न विचाराच: कोर्स कोणत्या वर्गाचा आहे? सर्टिफिकेट त्यावर लिहिलेल्या वर्गापुरतंच चालतं. सरसकट ‘ड्रोन पायलट’ असं सर्टिफिकेट नसतं. ते दहा वर्षं वैध असतं, मधले उजळणी वर्ग करत राहिलात तर.

कुठे उडवता येतो

ड्रोन कुठे चालतो हे रंगांनी दाखवणारा डिजिटल स्कायचा सरकारी नकाशा २४ सप्टेंबर २०२१ ला खुला झाला. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, वेगळी परवानगी नको. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा २०० फुटांवर येते. ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा जमिनीपासूनच पिवळा, आणि पिवळ्या भागात त्या हवाई क्षेत्राच्या वाहतूक नियंत्रकाची परवानगी लागते. तो नियंत्रक सगळीकडे एकच नसतो. पुण्यात लोहगाव हवाई दलाचं, नाशिकजवळ ओझर एचएएलचं, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीचं. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचा विचारही नको.

नकाशा शूटच्या दिवशी सकाळी परत बघा. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल करू शकतो. शिवाय मुंबईसारख्या शहरात पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश वेळोवेळी निघतात. ड्रोन नॅनो आहे म्हणून त्यांतून सुटका होत नाही.

गडांवर जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण नकाशा हिरवा दिसतो आणि माणूस फसतो. नकाशा हवेबद्दल बोलतो. पायाखालची वास्तू संरक्षित असेल तर तिच्या खात्याची परवानगी निराळी. रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, तर राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. अर्ज चुकीच्या दारात गेला तर वेळ जातो आणि मोसम निघून जातो. गडाभोवतीचं जंगल अभयारण्यात असेल तर वनखात्याचीही परवानगी घ्या.

विमा, दंड आणि विक्री

नॅनो सोडून बाकी ड्रोनना त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा हवा, हौशी मायक्रोलाही. नॅनोला सक्ती नाही. पण लग्नाच्या मांडवावर उडवणार असाल तर सक्ती नसतानाही काढा, ड्रोन पडतो तेव्हा तो बहुधा माणसांवर किंवा गाडीवरच पडतो. अपघात झाला तर ४८ तासांत पोर्टलवर कळवायचं. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

ड्रोन विकताना, भेट देताना किंवा तो कायमचा निकामी झाल्यावर फॉर्म डी-३ भरावा लागतो. हस्तांतर असो की नोंदणी रद्द करणं, फॉर्म तोच आणि फी पुन्हा १०० रुपये. हा फॉर्म भरेपर्यंत यूआयएन तुमच्याच नावावर राहतो आणि नव्या माणसाने तो कुठेही उडवला तरी चौकशी तुमच्याकडे येते. सेकंडहँड घेणाऱ्यानेही हेच उलट बाजूने पाहावं: विकणारा डी-३ भरायला टाळाटाळ करत असेल तर तो ड्रोन घेऊ नये.