एलिट, प्रो, क्लब: मुलांच्या फुटबॉल बुटांची उतरंड

फुटबॉलच्या बुटांचं एकच मॉडेल तीन-चार किमतींना मिळतं. नाव तेच, रंगही तोच, किंमत मात्र कुठल्या कुठे. फरक असतो नावापुढच्या छोट्या शब्दात. नायकीची उतरंड वरून खाली एलिट, प्रो, अकॅडमी, क्लब अशी. अ‍ॅडिडासची एलिट, प्रो, लीग, क्लब. महाग म्हणजे टिकाऊ आणि पायाला चांगला, असं आईवडील धरून चालतात. यातलं पहिलं बऱ्याचदा खोटं निघतं. दुसरं मुलांच्या बाबतीत तर हमखास तपासून घ्यावं.

वरच्या पायरीचे पैसे मुख्यतः वजन घटवण्यात जातात. अप्पर, म्हणजे पाऊल झाकणारा भाग, पातळ असतो. सोल हलका पण ताठ. व्यावसायिक खेळाडूला हेच हवं असतं, आणि त्याचा बूट फाटला तर दुसरा जोड तयार असतो. खडबडीत मैदानावर पाय घासत खेळणाऱ्या पोराच्या पायात तेच पातळ अप्पर लवकर विरतं.

ताठपणाचं गणित आणखी गमतीचं आहे. एकाच प्लास्टिकच्या पट्टीची जाडी दुप्पट केली, तर तिला तेवढंच वाकवायला आठपट जोर लागतो. त्यामुळे सोलच्या जाडीतला किरकोळ फरकही पायाला चांगलाच जाणवतो. ७५ किलोच्या खेळाडूच्या चवड्याखाली सहज वाकणारा सोल ३० किलोच्या मुलाला फळीसारखा वाटू शकतो.

म्हणून लेबल वाचण्याआधी बूट हातात घ्या. एका हाताने टाच धरा आणि दुसऱ्या तळव्याने टोक वर दाबा. बूट बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, कारण पाऊल तिथेच वाकतं. मधोमध दुमडला तर तो ठेवून द्या. मग टाचेमागचा भाग चिमटीत दाबा. तो लगेच चेपला, तर वळताना टाच आत डुलणार. शेवटी टोकापाशी सोल आणि अप्पर यांचा जोड बघा. बहुतेक बूट तिथूनच उघडतात. चिकटवलेल्या जोडावर शिलाईही असेल तर उत्तम.

क्लब पायरीचं अप्पर जाडसर, सोलच्या आतली गादी बेताची. आठवड्यातून एकदा हौसेने खेळणाऱ्याला तेवढं पुरतं. नियमित सराव असेल तर मी अकॅडमी किंवा लीगवर थांबेन.

पायरीपेक्षा महत्त्वाचे असतात स्टड, म्हणजे सोलखालच्या खुंट्या, आणि तिकडे फारसं कुणी बघत नाही. एसजी प्रकार ओल्या, मऊ मातीसाठी: थोडे, लांब स्टड. एफजी नैसर्गिक गवताच्या घट्ट मैदानासाठी. एजी कृत्रिम गवतासाठी: संख्येने जास्त, लांबीला कमी. टीएफला, म्हणजे टर्फ बुटांना, तर बारीक रबरी गाठीच असतात. टणक जमिनीवर लांब स्टड रुतत नाहीत. सगळं वजन त्या चार-सहा ठिकाणी एकवटतं आणि टाचेला खालून टोचत राहतं. साधारण ८ ते १४ वयात टाचेच्या हाडाची वाढ अजून चालू असते. तिथली वाढीची कूर्चा पोटरीच्या ओढीने आणि वारंवारच्या आदळण्याने दुखावते. याला सेव्हर्स डिसीज म्हणतात. नाव भीतीदायक असलं तरी वाढ पूर्ण झाली की तो जातो. तोवर मूल लंगडतं, ते वेगळंच. अशा मुलाला टणक मैदानावर टीएफ बरे.

आता माप. ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून मोठे बूट घेतले की पाऊल आत सरकतं, फोड येतात आणि चेंडूचा अंदाज चुकतो. आतली गादी बाहेर काढा, खेळायचे मोजे घालून मुलाला तिच्यावर उभं करा. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटीमीटर जागा हवी. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा असंच उभं करून बघा. वाढीच्या वयात एलिटचा जोडही झिजण्याआधी तोकडा पडतो.